एकही गाठ नसलेला स्वेटर

लहानपणी तांदळाचं पोतं घरी आलं की ते उघडायचं कुणी, यावरून आम्हा भावंडांत भांडण व्हायचं. आई पोत्याच्या तोंडाची शिवण निरखून बघायची, एका कडेचा दोरा नखाने मोकळा करायची आणि म्हणायची, "हं, ओढ आता." ओढला की सर्रर्र करत अख्खी शिवण एका दमात सुटायची. हातात हातभर लांब, नागमोडी दोरा उरायचा, कुठेही न तुटलेला. कधी तिचं लक्ष नसताना आम्ही घाईने दुसऱ्या कडेने सुरुवात केली, तर तोच दोरा हट्टाला पेटायचा. कितीही ओढा, ढिम्म. शेवटी कात्री आणावी लागायची, आणि पाठोपाठ आईची बोलणी.

दोरा एकच, शिवण एकच. मग एका कडेने लोणी आणि दुसऱ्या कडेने दगड, हे कसं? तेव्हा हा प्रश्न तांदळाबरोबर डब्यात गेला. तो पुन्हा वर आला चाळिशीनंतर, हौसेने शिवायला-विणायला लागल्यावर. आत्ता माझ्या टेबलावर तीन कामं अर्धवट पडली आहेत: भाचीच्या बाळासाठी लोकरीचं टोपडं, त्याच बाळासाठी जुन्या पातळांचं दुपटं, आणि क्रोशाचा एक गोल रुमाल, जो सपाट बसायला मुळीच तयार नाही. या तिघांनी मिळून मला जे शिकवलं ते असं: कापड गाठींनी धरलेलं नसतं.

आधी पोत्याचं कोडं सोडवू. त्या शिवणीला साखळी टाका म्हणतात. दोरा कापडाखाली जाऊन एक फास करतो. पुढच्या टाक्याचा फास त्या फासातून बाहेर येतो, त्यातून त्याच्या पुढचा. प्रत्येक फासाला धरून ठेवतो तो फक्त त्याच्या पुढचा फास. मग सगळ्यांत शेवटच्याला कोण धरतं? कुणीच नाही. तो निसटला की त्याच्या आधीचा पोरका होतो, तो निसटला की त्याच्याही आधीचा. म्हणून शेवटाकडून ओढलं की सर्रर्र. सुरुवातीच्या कडेला मात्र पहिल्या फासाच्या पोटात दुसरा अडकलेला असतो. तिथे जितकं ओढाल तितका फास आवळतो.

शिवणयंत्राची पहिली पावलंही याच टाक्यावर पडली. १८३० साली बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने ज्या यंत्राचं पेटंट घेतलं ते साखळी टाकाच घालत असे. (पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी पोटावर पाय येईल या भीतीने त्याची यंत्रं फोडली.) १८४६ साली अमेरिकेत एलियास हौने दोन दोऱ्यांच्या टिपेच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या सुईचं नेढं टोकापाशी होतं. आपल्या घरच्या मशीनची टीप त्याच वंशातली. मशीनचं झाकण सरकवून, हाताने चाक हळू फिरवत, एकदा आत डोकावून बघा. सुई खाली जाते, किंचित वर येते आणि तेवढ्यात वरच्या दोऱ्याला एक बारीकसा फुगवटा येतो. खालच्या हुकाचं टोक नेमकं त्या फुगवट्यात शिरतं, त्याला ओढून मोठं करतं आणि अख्ख्या बॉबिनवरून फिरवून सोडून देतं. म्हणजे खालचा दोरा वरच्या फासातून ओवला जावा म्हणून फास चक्क सबंध रिळाला प्रदक्षिणा घालतो! हे मिनिटाला काही शे वेळा घडतं आणि आपण वर बसून पिको-फॉलच्या दराचा विचार करत असतो. यंत्रांवर इतकी कडक टीका करणाऱ्या गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राला मात्र अपवाद केलं होतं. खालचा हा सोहळा बघितला की त्यांचं पटतं.

गंमत ही, की या टिपेतही गाठ नाही. वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांना फक्त विळखा घालतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात.

गाठ नाही, तर मग धरतं काय? उत्तरासाठी दोऱ्याच्याच पोटात शिरावं लागतं.

गणपतीच्या आधी घरोघरी कापसाची वस्त्रं आणि वाती करायला बसतात. सरकी काढलेल्या कापसाची एक बट चिमटीत धरून हलकेच ओढा. विरोधच नाही, कापूस हातात येतो. कापसाचा एकेक तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांब, आणि कुणीही कुणाला बांधलेलं नाही. आता तीच बट तळहातांत वळा आणि ओढून बघा. धरून ठेवते! वाढलं काय? कापूस तोच, तंतू तेवढेच. वाढला तो फक्त पीळ.

हे कोडं गॅलिलिओलाही पडलं होतं. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात त्याने विचारलं आहे की आखूड तंतूंचा लांबच लांब दोर इतका बळकट कसा. उत्तराचा गाभा असा: पिळलेला दोर ओढला की बाहेरचे तंतू आतल्यांना आवळतात. आवळले की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की निसटणं अवघड होतं. तोडायला लावलेला जोरच जोडायच्या कामाला जुंपला जातो. तरी एक शंका उरते. एकेका तंतूची पकड इतकी क्षीण असताना मैलभर लांब दोरा सलग टिकतो कसा? वॉरन, बॉल आणि गोल्डस्टीन या तीन शास्त्रज्ञांनी २०१८ साली यावर शोधनिबंध लिहिला. कपडे गळून का पडत नाहीत, हाच त्याचा विषय! त्यांनी गणिताने दाखवलं की तंतूंमधलं घर्षण एका मर्यादेपेक्षा कमी असेल तर दोरा सुळकन सरकून सुटतो. पण ती मर्यादा ओलांडली की सगळे मिळून एकदम धरतात, आणि मग तंतू स्वतः तुटेल पण सुटणार नाही. दहीहंडीचा थर जसा एका क्षणी डळमळत असतो आणि दुसऱ्या क्षणी घट्ट होतो, तसंच काहीसं.

पिळाची दुसरी करामत तर घरबसल्या करून बघण्यासारखी. हातभर दोरा घ्या, एका दिशेने भरपूर पीळ द्या, मग मधोमध दुमडून दोन्ही टोकं जवळ आणा. दोरा स्वतःहून गर्रकन उलट दिशेला स्वतःभोवती गुंडाळला जाईल. एका पदराच्या पिळाला उलगडायचं असतं आणि दुसऱ्याच्या पिळाला तो उलगडू द्यायचा नसतो. दोघांची ओढाताण बरोबरीत सुटते आणि पीळ टिकतो. सुतळी, करदोटा, लोकर, शिवणाचा दोरा, सगळ्यांचं बळ या बरोबरीत आहे. ही युक्ती किती जुनी? फ्रान्समधल्या एका खडकाच्या आडोशाला, ४१ ते ५२ हजार वर्षांपूर्वीच्या थरात, जेमतेम सहा मिलिमीटर लांबीचा दोरीचा तुकडा सापडला. २०२० साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. तीन पदर, प्रत्येकाला एका दिशेचा पीळ आणि तिघांना मिळून उलट दिशेचा. ती वळणारे हात आपल्या जातीच्या माणसाचे नव्हतेच, निअँडरथलचे होते. आपल्याकडे नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या पोटात ओवलेला धागा तीन हजार वर्षांनंतरही शिल्लक होता, रेशमाचा आणि कापसाचा. कुणीतरी तो त्या लेकरासाठी वळला होता.

आता टेबलावरचं दुपटं. दुपटं काय, गोधडी काय, किंवा जाडजूड वाकळ काय, सगळ्यांचा आत्मा एकच, धावदोरा. सगळ्यांत साधा टाका. सुई खाली, सुई वर, खाली, वर. शिवणकामाच्या परीक्षेत याला मार्कही कमी. आणि तरी या एकट्या टाक्यावर जुनी लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी यांचे थर वर्षानुवर्षं एकत्र राहतात. पायाखाली तुडवली जातात, नदीवर आपटली जातात, तरी राहतात.

याचं रहस्य कोकणातल्या कुठल्याही जेटीवर दिसेल. एवढी मोठी होडी लाटांवर हिसके देत असते आणि किनाऱ्यावरचा एकटा माणूस दोर खुंटाला दोन-तीन वळसे देऊन टोक एका हातात धरून निवांत उभा असतो. वळशागणिक घर्षण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. याचं सूत्र ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका वळशाने माणसाची ताकद साधारण साडेसहा पट होते, दोन वळशांनी ४३ पट, तीन वळशांनी २८५ पट. आता धावदोऱ्याकडे बघा. दर वेळी कापडातून वर-खाली जाताना दोरा वळतो. एकेक वळण काटकोनाएवढं धरलं, तरी अशी चार वळणं म्हणजे खुंटाभोवतीचा एक पूर्ण वळसा. वीतभर शिवणीत असे कितीतरी वळसे भरतात. दोऱ्याचं टोक तुम्ही कितीही जोरात ओढा, तो जोर चार-सहा टाके पार करेपर्यंत मावळून जातो. म्हणूनच गोधडीचा दोरा मध्येच तुटला तरी सगळी गोधडी उसवत नाही. दोन-तीन टाके सैल पडतात, बाकीचे आपली जागा सोडत नाहीत. शेजारच्या कर्नाटकातल्या सिद्दी बाया आपली 'कवंदी' कडेपासून शिवायला घेतात आणि गोल गोल फिरत मध्यापर्यंत येतात. सबंध पांघरूण धावदोऱ्याच्याच रांगांनी भरून जातं. थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब देते, दोरा फक्त तिला जागा धरून देतो. आणि दोरा किंचित ओढलेला राहिल्यामुळे कापडाला ज्या बारीक सुरकुत्या पडतात, त्यांत वळण आणखी वाढतं आणि पकडही. आजीच्या गोधडीच्या सुरकुत्या नुसत्या वयाच्या नसतात.

दुपटं झालं, आता टोपडं. इथे दोन सुया आणि लोकर.

आधी एक साधं कोडं. सुती सदरा आणि सुती बनियन, दोन्ही कापसाचेच. सदरा ताणला तर शिवण फाटते; बनियन ताणलं तर ताणलं जातं आणि सोडलं की परत येतं. सुती धागा स्वतः तर तुटेपर्यंत शेकडा दहासुद्धा लांबत नाही. मग बनियन लांबतं कुठून? सदऱ्याच्या कापडात धागे आडवे-उभे, जवळजवळ सरळ असतात, त्यांच्याकडे द्यायला काही नसतं. बनियन आणि स्वेटर फासांचे असतात. ताणलं की धागा लांबत नाही, फासाचा आकार बदलतो. उंच होता तो पसरट होतो, पसरट होता तो उंच होतो. लवचिकपणा धाग्यात नाही, वळणात आहे.

आणि वळणं तरी किती? दोनच. सुलट आणि उलट. सुलट म्हणजे नवा फास जुन्यातून मागून पुढे काढायचा, उलट म्हणजे पुढून मागे. खरं तर तीही दोन नाहीत: सुलट टाका मागून बघितला की उलट दिसतो. एकच टाका, त्याच्या दोन बाजू. पण प्रत्येक टाका जरासा वाकडा उभा असतो, त्याला एका बाजूला झुकायचं असतं. सगळे सुलट चेहरे एकाच बाजूला ठेवले की सगळ्यांचा कल एकवटतो आणि कापडाच्या कडा आपोआप गुंडाळतात. (नवशिक्या विणकरणींना इस्त्री करकरून रडवणारी कड ती हीच.) उभ्या रांगांमध्ये दोन सुलट, दोन उलट घेतले की सुलट रांगा पुढे येतात, उलट मागे सरतात, आणि कापड पंख्याच्या घड्यांसारखं आत मिटतं. म्हणून शाळेच्या स्वेटरचं मनगट हाताला चिकटून बसतं. हेच आडव्या ओळींमध्ये केलं तर कापड रुंदीत नाही, उंचीत ताणलं जातं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात एलिसाबेटा मात्सुमोतो या भौतिकशास्त्रज्ञ विणकामाचाच अभ्यास करतात. त्या स्वतः विणतात. एकाच धाग्याच्या वेगवेगळ्या विणी किती आणि कशा ताणल्या जातात, हे त्यांच्या गटाने प्रयोगशाळेत मोजलं आहे. धागा तोच, टाके तेच दोन. बदलतो तो क्रम, आणि क्रमागणिक कापडाचा स्वभाव.

आता शीर्षकातली गोष्ट. जोडशिवणी सोडल्या, तर स्वेटरचा एकेक भाग म्हणजे आदिपासून अंतापर्यंत एकच सलग धागा. त्यात हजारो फास असतात, पण गाठ म्हणावी अशी एकही नाही. शेवटच्या फासातून ओवलेलं टोक, एवढाच काय तो कडी-कोयंडा. ते टोक मागे काढून ओढलं की पोत्याच्या शिवणीसारखाच सगळा स्वेटर सर्रर्र करत सरळ धाग्याचा ढीग होतो. आमच्या लहानपणी हे दर दोन-तीन वर्षांनी घडायचं. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला की आई तो उसवायची, मी दोन हात पुढे करून बसायचे आणि ती माझ्या हातांभोवती लड गुंडाळायची. ती लोकर नागमोडी, कुरळी असायची. जुन्या फासांची आठवण तिच्या अंगात मुरलेली. आई लड ओली करायची, खाली वजन टांगायची आणि वाळली की लोकर सरळ. यामागेही विज्ञान आहे. लोकर आणि आपले केस एकाच जातीच्या प्रथिनाचे, केरॅटिनचे. त्याच्या रेणूंमधले काही हलके बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घातली की सकाळी केस कुरळे होतात, ते याच हिशेबाने.

राहता राहिला क्रोशाचा हट्टी रुमाल.

सुयांवरच्या विणकामात एका वेळी पन्नास-शंभर फास उघडे असतात. एक निसटला की शिडीसारखा खालपर्यंत धावत जातो. क्रोशात कायम एकच फास उघडा असतो, आकड्यावरचा. बाकी सगळे मिटलेले. म्हणूनच क्रोशा लोकलच्या गर्दीतही करता येतो: आकडा निसटला तरी उसवेल तो एकच टाका. आणि एकच फास उघडा असल्यामुळे तो कुठेही घालता येतो: शेजारी, खाली, त्याच घरात दोनदा. क्रोशाला पाहिजे त्या दिशेने वाढायची मुभा आहे, आणि माझा रुमाल बिघडला तो याच मुभेपायी.

गोल रुमालाचा नियम कुणीही मावशी सांगेल: मुक्या खांबांचा गोल असेल तर दर फेरीला सहा वाढवायचे, नुसत्या खांबांचा असेल तर बारा. सहाच का? कारण मुका खांब जितका रुंद, जवळजवळ तितकाच उंच. प्रत्येक फेरीला गोलाची त्रिज्या एका टाक्याने वाढते, तेव्हा परीघ दोन पायने, म्हणजे ६.२८ टाक्यांनी वाढायला हवा. खांब उंचीला दुप्पट, म्हणून बारा. शाळेत वैताग आणणारा पाय मावशींच्या बोटांत असा निमूट बसलेला असतो! सहापेक्षा कमी वाढवलेत तर कडा आत ओढल्या जातात आणि रुमालाचं टोपडं होतं. जास्त वाढवलेत तर कडेला जागा पुरत नाही. ती वर-खाली लाटा मारू लागते, कोंबड्याच्या फुलाच्या तुऱ्यासारखी. मी गप्पांच्या नादात दर पाचव्या टाक्याला एक वाढवत गेले होते.

त्या लाटांना गणितात मानाचं नाव आहे: अपास्तीय प्रतल. १८३० च्या आसपास बोयाई आणि लोबाचेव्हस्की या गणितज्ञांनी, एकमेकांना न विचारता, अशी भूमिती मांडली ज्यात रेषेबाहेरच्या एका बिंदूतून तिला कधीच न भेटणाऱ्या एक नव्हे, असंख्य रेषा जातात. कागदावर ती सिद्ध करता येत होती, पण हातात घेऊन बघता येत नव्हती. कागदाची मॉडेलं केली तर फाटायची. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या लॅटव्हियाच्या दायना ताइमिना यांनी असं एक नाजूक कागदी मॉडेल पाहिलं आणि क्रोशाची सुई हातात घेतली. नियम एवढाच, ठरावीक टाक्यांनंतर एक वाढवायचा, शेवटपर्यंत. माझ्या रुमालाचाच हिशेब करते. वीस टाक्यांनी सुरुवात, दर पाचाला एक वाढ. दहाव्या फेरीला कडेला सव्वाशेच्या आसपास टाके, विसाव्या फेरीला साडेसातशेच्या वर. सपाट रुमालाला विसाव्या फेरीत एकशेवीस पुरतात. एवढी कड जाणार कुठे? ती लाटा होते. ताइमिनांनी अशा लोकरी प्रतलावर रंगीत दोऱ्याने रेषा शिवल्या, आणि जी गोष्ट दीडशेहून अधिक वर्षं मुख्यतः समीकरणांत होती ती विद्यार्थ्यांना बोटांनी चाचपता आली.

निसर्गाला ही युक्ती आधीपासून ठाऊक होती. थोड्या जागेत खूप पृष्ठभाग हवा असेल तर कड वाढवत न्यायची. समुद्रातली कित्येक प्रवाळं तेच करतात. २००५ साली मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी ताइमिनांची युक्ती घेऊन क्रोशाचं प्रवाळबेट विणायला घेतलं. पुढे देशोदेशीच्या बायकांनी त्यात आपापली लोकरी प्रवाळं घातली. नियम थोडा मोडायचा, वाढ कधी तिसऱ्या टाक्याला, कधी सातव्या, की दर वेळी नवाच जीव जन्मतो.

तर तो रुमाल मी टीपॉयवर घालायचा बेत सोडला आणि उसवायला घेतला. आकड्यावरचा एक फास सोडला, टोक ओढलं. साडेसातशे टाक्यांची कड, मग सहाशेची, मग पाचशेची... लाटा एकेक करून शांत होत गेल्या आणि शेवटी मांडीवर नुसता दोरा. कुरळा, सलग, कुठेही न तुटलेला.

आई पोत्याचा दोरासुद्धा टाकायची नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवायची, दाभणात ओवून त्याच पोत्याचं पायपुसणं शिवायची. मी तिच्यासारखाच एक पुठ्ठा घेतला, दोरा गुंडाळला आणि पुन्हा सुरुवात केली. मधला फास, त्यात सहा मुके खांब. दुसऱ्या फेरीला आणखी सहा, तिसरीला आणखी सहा. या वेळी मोजून.